सुलभ छायाचित्रण : कुडवा आवृत्ती

सूचना : ही मार्गदर्शिका वाचून होईपर्यंत कॅमेरा घेऊ नये. आधीच घेतला असेल तर नातेवाइकांत वाच्यता करू नये. कारणासाठी धडा चौथा पाहावा.

प्रस्तावना

फोटोग्राफी शिकवणारी पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत. ती लिहिणाऱ्यांच्या घरामागे बहुधा समुद्र असतो, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात आणि सांगितलं की तासभर हलणार नाही अशी एक मुलगी कायम रिकामी बसलेली असते. कुडव्याच्या नवशिक्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. गावाच्या एका बाजूला गोंदिया शहर अंगावर आलेलं आहे. बाकी धानाच्या बांध्या, राईस मिलचा उडणारा कोंडा, लग्नसराईतले मांडव, पोळ्याचे बैल आणि प्रत्येक फोटोत मधोमध उभे राहणारे एक काकाजी, एवढंच भांडवल. प्रस्तुत मार्गदर्शिका या भांडवलावर बेतलेली आहे. समुद्राचे फोटो काढायचे असतील त्यांनी दुसरं पुस्तक घ्यावं आणि रेल्वेचं आरक्षण करावं. गोंदिया जंक्शनवरून मुंबईकडेही गाड्या जातात आणि हावड्याकडेही.

धडा १ : तुम्ही फोटोग्राफर आहात का?

बहुतेक आहातच, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल एवढंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर नाव असलेला प्रत्येक माणूस शासनमान्य निसर्गछायाचित्रकार झाला. आपल्या शेतात जायचं, उभ्या पिकाचा मोबाईलवर फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर पीक लागतं. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात, त्यामुळे घरच्या ओसरीत बसून मागच्या वर्षीचं धान दाखवता येत नाही. नागझिऱ्याच्या वाघाचा फोटो फसला तर चारचौघांत थोडी चेष्टा होते. धानाचा फोटो राहून गेला तर आधारभूत केंद्रावरची नोंदणी अडते. कलेवर इतकी जबाबदारी जगात फार थोड्या ठिकाणी टाकली जात असेल.

या योजनेने नवशिक्याला तीन गोष्टी फुकटात शिकवल्या. एक, विषय जिथे असेल तिथे आपल्याला जावं लागतं, तो आपल्याकडे येत नाही. दोन, सूर्य समोर असेल तर पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून आधी धुऱ्यावरून फिरून बाजू बदलावी. तीन, फोटो काढणं सोपं आणि चढवणं अवघड. रेंज येईपर्यंत हात वर करून उभं राहण्याची सवय पुढे तुम्हाला पक्ष्यांच्या फोटोग्राफीत उपयोगी पडेल.

घरकुल मंजूर झालं असेल तर तुम्ही याहून पुढचे विद्यार्थी आहात. तिथे आधी मोकळ्या जागेवर, मग पायाजवळ, मग स्लॅबपाशी असे टप्प्याटप्प्याने फोटो निघतात. याला फोटोग्राफीत मालिका म्हणतात. प्रदर्शनात ती भिंतीवर लावतात, इथे तिच्यावर हप्ता मिळतो.

धडा २ : कॅमेऱ्याची निवड

कॅमेरा निवडताना दुकानदार, गोंदियातला एखादा लग्नवाला आणि पुण्यात नोकरीला असलेला मावसभाऊ अशा तिघांचा सल्ला घेण्याची पद्धत आहे. तिघंही वेगवेगळं सांगतात आणि तिघांचंही सांगणं तुमच्या बजेटपेक्षा महाग असतं. म्हणून प्रकार आपणच समजून घ्यावेत.

*मोबाईल.* कायम खिशात असतो, हा याचा सगळ्यात मोठा गुण. मे महिन्याच्या उन्हात तापून स्वतःच बंद पडतो, हा दोष. दोन बोटांनी पडदा ताणून झूम करू नये. तसं केल्याने वस्तू जवळ येत नाही, फोटोचा एक तुकडा कापून फुगवला जातो. पायांनी चार पावलं पुढे जावं. पायांचा झूम मोफत असतो आणि त्यात चित्र फाटत नाही.

*सुपरझूम.* लेन्स अंगालाच चिकटलेली, बदलता येत नाही, पण पल्ला अफाट. निकॉनने २०१८ मध्ये आणलेल्या कूलपिक्स पी १००० मध्ये १२५ पट झूम आहे, म्हणजे ३००० मिमीच्या लेन्सइतका. हा कॅमेरा घेणारा पहिले आठ दिवस फक्त चंद्र काढतो. मग चंद्र संपतो आणि त्याची नजर शेजाऱ्यांच्या गच्चीकडे वळते. तिथे त्याची कारकीर्द संपते. शिवाय आतला सेन्सर नखाएवढा असल्यामुळे संध्याकाळ झाली की चित्राचा भुगा होतो.

*डीएसएलआर.* आत आरसा असतो. बटन दाबलं की तो उचलला जातो आणि खटॅक असा आवाज येतो. फोटो निघाला याची खात्री गावाला त्या आवाजानेच पटते. कंपन्यांचा सगळा जोर आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर असल्यामुळे जुने डीएसएलआर वापरलेल्या बाजारात बरे मिळतात. स्वस्तातल्या मॉडेलांचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. नवशिक्याने त्याचं दुःख करू नये. निकॉनच्या लहान सेन्सरवर २०० मिमीची लेन्स ३०० मिमीइतकं लांबचं दाखवते. गरिबाला जास्त मिळण्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

*मिररलेस.* आरसा काढून टाकलेला. फोटो काळा येणार की पांढरा, हे काढण्याआधीच डोळ्याला लावलेल्या छोट्या पडद्यात दिसतं. हवं तर आवाजही बंद करता येतो, त्यामुळे भागवत सप्ताहात चालतो. मात्र आवाज न आल्याने काकाजी विचारतात, “काढला का गा?” आणि पुन्हा काढायला लावतात. बॅटरी लवकर संपते, एक जास्तीची ठेवावी.

*फिल्मचा कॅमेरा.* घरातल्या जुन्या पेटीत आगफाचा क्लिक थ्री सापडण्याची शक्यता असते. तो बडोद्यात बनायचा. एका रोळात १२ फोटो निघत आणि त्या बारांत साखरपुडा, लग्न आणि पहिला दिवाळसण बसवणारी माणसं आपल्याच घरात होती. आज एका वाटीतल्या आंब्याच्या रसाचे तेवढे निघतात.

आमची शिफारस अशी : पहिलं वर्ष मोबाईलवर काढावं. तरीही हौस टिकली तर वापरलेला डीएसएलआर आणि त्यावर ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स घ्यावी. आणि निवडीचा अखेरचा नियम : ज्या कॅमेऱ्याची किंमत घरात खरी सांगता येते, तोच कॅमेरा आपला.

धडा ३ : तोंड, वेळ आणि युरिया

कॅमेऱ्यावर बटनं चाळीस असली तरी कामाच्या चाव्या तीनच. रोवणीच्या आधी बांधीत पाणी घेताना आपण जे करतो, तेच इथे प्रकाशाचं करायचं. बांध फोडून तोंड किती रुंद ठेवायचं हे ॲपर्चर. ते किती वेळ उघडं ठेवायचं हे शटर. रुंद तोंडातून थोडा वेळ पाणी सोडा किंवा अरुंद तोंडातून जास्त वेळ, बांधी तेवढीच भरते. आणि पाणी कमी पडलंय पण पीक हिरवं दिसायला हवं म्हणून जो युरिया मारतात, तो आयएसओ. थोडा मारला तर भागतं. फार मारला तर फोटो उजळतो खरा, पण त्यात दाणे पडतात. शेतात दाणे भरले तर आनंद, फोटोत भरले तर फोटो गेला.

ॲपर्चरच्या आकड्यांवर नवशिक्याचा पहिला संताप होतो. एफ/१.८ म्हणजे मोठं भोक आणि एफ/१६ म्हणजे लहान, हे त्याला सरकारी कारभारातलं वाटतं. प्रत्यक्षात तो साधा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंथला त्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास येतो. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिमी, एफ/१० म्हणजे ५ मिमी. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही पाढ्यात न बसणारी रांग पाठ करावी. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो.

शटरसाठी कुडव्यापुरतं कोष्टक देत आहोत :

- उभे असलेले काकाजी : १/१२५ सेकंद.
- तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी ओढत सुटलेला पोरगा : १/५००.
- बांधीतून उडालेला बगळा : १/१६००.
- मंडईत रात्री दंडारीतला नाच : १/१२५, तोंड एफ/१.८ वर, युरिया ३२०० पर्यंत. दाणे पडले तरी चालतील, नाचणारे ओळखू आले पाहिजेत.
- खुर्चीत डुलकी लागलेली आजी : कितीही. पण उठल्यावर दाखवू नये.

हातात धरून काढताना शटर लेन्सच्या फोकल लेंथपेक्षा हळू नसावं. २०० मिमी असेल तर निदान १/२००. नाहीतर फोटो हलतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

भर उन्हासाठी एक जुना नियम आहे : तोंड एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओइतकं. आयएसओ १०० ला १/१००. हा नियम ज्यांनी बसवला त्यांनी गोंदियाचा मे पाहिला नसावा, तरी तो इथे चोख चालतो. फक्त त्या उन्हात फोटो चांगला येत नाही. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि हसरा माणूस कर्जबाजारी दिसतो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर काढावं. मधल्या वेळात कॅमेरा सावलीत ठेवावा आणि आपणही सावलीत बसावं.

हे सगळं डोक्यावरून गेलं असेल तर चाकावर हिरवा ऑटो असतो. त्यावर ठेवण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ऑटोवर काढून “मॅन्युअलवर होता” म्हणण्यात.

धडा ४ : ग्रुप फोटो (सक्तीचा)

बाकीचे धडे ऐच्छिक आहेत, हा नाही. कॅमेरा तुमच्या पैशांचा असला तरी तो मांडवात गेला की सार्वजनिक होतो. जेवणं उरकतात, कोणीतरी म्हणतं, “सगळे या रे, एक फोटो होऊन जाऊ दे.” या वाक्यापासून फोटो निघेपर्यंत पुढील टप्पे येतात.

पहिला टप्पा : माणसं गोळा होतात, एक सोडून. तो हात धुवायला गेलेला असतो. तो येतो तेव्हा त्याला बोलवायला दोघं गेलेले असतात.

दुसरा टप्पा : जागा. जवाईबापूंना मागे उभं करता येत नाही. नव्या नवरीला कडेला ठेवता येत नाही. मुलं खाली बसतात आणि उठतात. काकाजी मधोमध आलेले असतात, ते कधी आले हे कोणी पाहिलेलं नसतं.

“मी दिसतो ना गा बाबू?”

“दिसता काकाजी.”

“पुरा दिसतो का?”

“थोडं मागे सरका.”

“मी काहून मागे सरकू? तूच सरक ना.”

काकाजींना फोटोग्राफी येत नाही, तरी हे उत्तर तंतोतंत बरोबर आहे. सरकायचं फोटोग्राफरनेच. मोबाईलच्या रुंद लेन्सने जवळून काढला की कडेची माणसं पसरट येतात आणि कडेला कोण असतं हे तुम्हाला ठाऊक आहे : ज्यांना आधीच वाटत होतं की आपल्याला या घरात मान नाही. चार पावलं मागे जावं.

तिसरा टप्पा : सेटिंग. नवी एफ/१.८ ची लेन्स दाखवण्याचा मोह इथे आवरावा. उघड्या तोंडावर फोकसची खोली अगदी कमी असते. काकाजींच्या मिशीचा केस न केस दिसेल आणि मागच्या रांगेतली सोयरेमंडळी कोण होती हे पुढे कुणाला सांगता येणार नाही. एवढ्यावर सोयरीक फिसकटलेली नसली तरी बोलणं बंद होऊ शकतं. तोंड एफ/८ वर न्यावं, शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नये, फोकस पुढच्या रांगेवर किंवा तिच्या जरा मागे धरावा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पलीकडे पोचत नाही, मागच्या रांगेने त्याच्या आशेवर राहू नये.

चौथा टप्पा : एक फोटो कधीच काढू नये, पाच काढावेत. दरवेळी कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात आणि दरवेळी तो माणूस वेगळा असतो.

पाचवा टप्पा मांडवातून घरी आल्यावर सुरू होतो आणि संपत नाही. “बाबू, तो फोटो पाठव ना.” व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की तो आकसतो आणि पुढे फ्रेम करायला दिला की चेहरे विरलेले निघतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. काकाजींना तो उघडता येत नाही, त्यासाठी त्यांच्या घरी जावं लागतं. तिथे चहा मिळतो.

धडा ५ : बगळा आणि म्हैस

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर जग करडं आहे असं धरून चालतो. समोर काहीही आलं तरी त्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणून ठेवतो. त्यामुळे पांढराशुभ्र बगळा चौकटभर घेतला तर तो मळका येतो आणि काळीभोर म्हैस चौकटभर घेतली तर ती राखाडी होते. मालक म्हशीचा रंग उडाला म्हणून तक्रार करतो.

उपाय बटनावर आहे, त्यावर अधिक-उणेची खूण असते. चौकटीत पांढरं जास्त असेल तर अधिककडे एक घर सरकवा, काळं जास्त असेल तर उणेकडे. नवशिक्याच्या मनाला हे उलटं वाटतं : पांढऱ्याला आणखी उजेड कशाला? कारण मीटरने तो आधीच कापून घेतलेला असतो, आपण फक्त परत देतो.

व्हाइट बॅलन्स ही याचीच धाकटी बहीण. लाल-केशरी कापडाच्या मांडवात दिवसा काढलेले सगळे चेहरे शेंदरी येतात आणि ट्यूबलाइटखाली हिरवट. मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाखाली माणसं आणली की अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी एक पांढरा कागद त्यांच्या हातात देऊन कॅमेऱ्याला “हे पांढरं” असं सांगता येतं. कागद पाहून काही माणसं सही कुठे करायची ते विचारतील.

धडा ६ : सारस

कॅमेरा आला की तिसऱ्या दिवशी वाघ काढावासा वाटतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला, जवळच आहे, जरूर जावं. वाघ दिसेलच असं नाही. दिसला तर समोरच्या जिप्सीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या टोपीवर फोकस लागतो. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला राहिले आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून वह्या भरत गेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ त्यातूनच आलं. वाघ न दिसल्याची तक्रार करण्याआधी ते वाचावं.

खरं तर गोंदियाच्या फोटोग्राफरचं नशीब वाघात नाही, सारसात आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सगळ्यात उंच, उभा राहिला की जवळपास माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरलाय आणि मोजायला गेलं तर डझनांत मोजावा लागतो. गोंदियाची ‘सेवा’ संस्था शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्याच्यासाठी काम करते. हिवाळ्यात परसवाड्याच्या तलावासारख्या ठिकाणी तो दिसतो. पावसाळ्यात जोडी धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या कडेला, पाण्यात काटक्या-गवताचा ढीग रचून घरटं करते. बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवणं, नर-मादी पाळीपाळीने.

सेटिंग : लांब लेन्स, १/१६०० सेकंद, सलग फोटोंचा मोड, सूर्य पाठीशी. हे झालं कॅमेऱ्याचं. माणसाचं सेटिंग जास्त महत्त्वाचं. सारसाने चरणं थांबवून मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही जास्त जवळ आलात. मागे फिरावं. घरट्याच्या मोसमात बांधीत उतरूच नये. जोडी उठली की अंड्यांवर कावळा आणि कुत्रा दोघांचा डोळा असतो. फोटो टाकताना जागेचं नाव टाकू नये, नाहीतर रविवारी तिथे तुमच्याहून लांब लेन्सवाले येतील आणि तुमच्याहून जवळ जातील.

लांब लेन्स नसली तरी बिघडत नाही. मोबाईलवर सगळी बांधी घ्यावी. एवढं मोठं हिरवं आणि कोपऱ्यात दोन लालसर डोकी. “यात सारस कुठंय?” असं कोणी विचारलं तर फोटो जमला.

रोवणी करणाऱ्या बायांचे फोटो काढण्याचीही इथे हौस असते. आधी विचारावं. उत्तर असं येऊ शकतं :

“फोटो काढून पैसे भेटतेत का गा?”

“नाही ना बाई.”

“मंग ये इकडं, चार पेंड्या लाव. मंग काढ.”

पँट दुमडून चिखलात उतरावं आणि लावाव्यात. पाठीचं वाकणं कोणत्या उंचीवरून काढायचं ते तेव्हा आपोआप कळतं.

धडा ७ : निगा

लेन्सचा शत्रू धूळ नव्हे, ओल. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसेपर्यंत कळत नाही आणि मग निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवावा. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे असतील तर बदलल्यावर तापवून पुन्हा वापरता येतात.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा असं तुम्हाला निदान चार जण सांगतील. तांदळाच्या जिल्ह्यात हे ऐकून छाती फुगते, पण तांदूळ ओल फारशी खेचत नाही आणि त्याची पावडर मात्र प्रत्येक फटीत जाते. तांदूळ खावा.

राईस मिलच्या आसपास लेन्स बदलू नये. कोंड्याचा एक कण सेन्सरवर बसला तर पुढच्या प्रत्येक आभाळात एक काळा ठिपका येतो. काही महिने तुम्ही त्याला घार समजाल.

धडा ८ : पहिला प्रकल्प

आपल्या देशात कॅमेरा निवडण्यासाठी सर्वांत जास्त खटपट केलेला मराठी माणूस बहुधा दादासाहेब फाळके. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा ५० पौंडांना घेऊन आले. घरात किंमत सांगितली होती, कारण पॉलिसी घरातल्याच होत्या. आता इतका महागाचा कॅमेरा आल्यावर त्यांनी काय काढलं? कुंडीत उगवणारा वाटाणा. कॅमेरा एका जागी रोवला आणि महिन्याहून अधिक काळ एक-एक फ्रेम घेतली. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट झाला. तो पाहून पैसे लावणारा भेटला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

कुडव्याच्या नवशिक्याने वाटाणा शोधत बसू नये. आपल्या बांधीच्या धुऱ्यावर एक खुंटी ठोकावी. पऱ्हे टाकल्यापासून पुंजणं रचेपर्यंत दर आठवड्याला, एकाच वेळी, त्याच खुंटीवर मोबाईल टेकवून एक फोटो काढावा. चिखल, रोवणी, हिरवं, पोपटी, पिवळं, कापणी, मोकळी बांधी. एवढ्यात प्रकाश कसा बदलतो ते कळतं, कॅमेऱ्याच्या सगळ्या चाव्या हाताखालून जातात आणि ई-पीक पाहणीचा फोटो कुठून काढायचा ते शोधत बसावं लागत नाही. मध्ये बांध फुटून पाणी गेलं, तुडतुडा पडला, अवकाळी आली, तर तेही निघेल. ते खोडू नये. पंचनाम्याला लागतं.

शंका-समाधान

*फोटो काढल्याने आयुष्य कमी होतं का?* बडोद्यात फाळक्यांचा फोटोचा धंदा मंदावला, कारण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा होती. आता सिद्ध झालंय की शक्ती काढणाऱ्याची जाते.

*मेगापिक्सेल किती असावेत?* तुमच्याकडे आहेत तेवढे. घरातल्या भिंतीवर लागणाऱ्या फोटोला १२ पुरतात आणि भिंत बहुधा कॅलेंडराने आधीच अडवलेली असते.

*मागचं धूसर कसं करायचं?* तोंड उघडं, विषय जवळ, पार्श्वभूमी लांब. मागे दुकानाची पाटी असेल तर मात्र ती स्पष्ट ठेवावी, दुकानदार चहा पाजतो.

*फोटोग्राफीवर पोट भरतं का?* काकाजींच्या चहावर भरत नाही.

स्वाध्याय

१. एफ/८ आणि १/१२५ वरून एफ/५.६ वर आलात, तर उजेड तेवढाच ठेवण्यासाठी शटर किती कराल? काकाजी तोपर्यंत थांबतील का?

२. कारणे द्या : म्हैस राखाडी आली.

३. सारस मान वर करून पाहतोय. तुमच्याकडे ६०० मिमीची लेन्स आहे आणि मित्राकडे मोबाईल. मागे कोणी फिरायचं? (सूचना : दोघांनी.)

४. गाळलेल्या जागा भरा : ग्रुप फोटोत ______ डोळे मिटलेले असतात. (उत्तर दरवेळी वेगळं.)

५. जवाईबापू, नवी नवरी आणि काकाजी या तिघांना मधोमध उभं करून दाखवा. आकृती आवश्यक.

उत्तरपत्रिकेवर स्वतःचा फोटो चिकटवावा : ३५ बाय ४५ मिमी, पांढरा पडदा, दोन्ही कान दिसलेले. हा फोटो स्वतः काढलेला चालणार नाही. गोंदियात एखाद्या स्टुडिओत जाऊन काढून घ्यावा. कुठे उभं राहायचं ते तिथला माणूस सांगेल. त्याचं ऐकावं.